जीप विका, पण तिचे कागद किलोवर घालू नका

जुनी जीप दारात असलेल्या, कधीकाळी दारात असलेल्या आणि पुढेमागे घ्यायच्या विचारात असलेल्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी नगरचा, म्हणजे आता अहिल्यानगरचा. गेली बावीस वर्षं जिपांचे जुने कागद गोळा करतोय. जीप माझ्याकडे एकच आहे, सीजे ३बी मॉडेलची, वडिलांनी घेतलेली. कागद मात्र दोन लोखंडी कपाटं भरून आहेत. बिलं, आरसी बुकं, टॅक्सची टोकनं, लॉगबुकं, पार्ट्सचे कॅटलॉग, सर्व्हिस मॅन्युअल, डिस्पोजलच्या, म्हणजे फौजेनं काढून टाकलेल्या गाड्यांच्या लिलावाच्या पावत्या, मिलिटरीच्या गाड्यांचे देखभालीचे तक्ते, कंपनीनं वाटलेली पत्रकं, असलं सगळं.

हे पत्र लिहायला बसलो त्याला कारण गेल्या उन्हाळ्यातलं. पारनेर तालुक्यातल्या एका गावात माजी सैनिकाच्या घरी डिस्पोजलची जीप आहे असं कळलं, फोन केला, तर म्हणाले जीप मागच्याच आठवड्यात गेली, गिऱ्हाईक बाहेरचं होतं, रोख पैसे दिले आणि टेम्पोत घालून घेऊन गेलं. म्हणलं जीप जाऊ द्या, कागद आहेत का? तर काकू म्हणाल्या, ह्यांची एक पत्र्याची ट्रंक होती बघा, जीपचेच कागद होते सगळे, बिलं नि वह्या, लग्न होऊन आले तेव्हापासूनचे, पण जीपच गेली तर ट्रंक कशाला अडवायची म्हणून पोरानं रद्दीवाल्याला दिली. मी त्याच दिवशी गाडी काढून गेलो. रद्दीवाला भला माणूस, त्यानं गोडाऊन उघडून दाखवलं, दोन तास आम्ही दोघांनी गठ्ठे उपसले, पण माल चार दिवसांपूर्वीच पेपर मिलला गेलेला. ट्रंक तेवढी मिळाली, रिकामी. झाकणाच्या आतून एक फोटो चिकटवलेला होता, जीपच्या बॉनेटवर बसलेला तरुण फौजी. तो मी काकूंना नेऊन दिला. त्या रडल्या. त्यांची काहीच चूक नाही, पोराचीही नाही, त्यांना ह्या कागदांची किंमत कुणी कधी सांगितलीच नव्हती. ते सांगायला हे पत्र.

लोक विचारतात त्या जुन्या बिलात आहे तरी काय. माझ्याकडे एका पंचायत समितीच्या जीपचं लॉगबुक आहे, हिरव्या कापडी बांधणीचं, पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळालं, खाली स्पॅनर मांडले होते आणि स्पॅनर घरंगळू नयेत म्हणून ही वही टेकू लावलेली. १९७२ चा पावसाळा गेला, म्हणजे आलाच नाही, तिथपासून पुढचे सात-आठ महिने त्यात रोजच्या नोंदी आहेत. कुठून कुठे गेली, कशासाठी गेली, किती किलोमीटर, पेट्रोल किती, कोण बसलं होतं, खाली सही. पहिली काही पानं साधी आहेत, मीटिंग, लसीकरण, शाळा तपासणी. मग हळूहळू कारणाच्या रकान्यात दुसरं काही दिसतच नाही. खडीचं काम पाहणी. पाझर तलाव पाहणी. सुकडी पोच, म्हणजे दुष्काळात वाटायचं ते खाणं. खडी. सुकडी. पाण्याचा टँकर अडकला, मदतीस. एके ठिकाणी ड्रायव्हरनं लिहिलंय, रस्ता संपला, पुढे चालत. दुष्काळावर मी पुष्कळ वाचलंय, माझ्या आजीनं खडी फोडलीय, पण तो दुष्काळ एका जीपच्या चाकाखालून असा रोज रोज सरकताना मला ह्या वहीतच दिसला. आणि ही वही स्पॅनरखाली होती.

म्हणून म्हणतो, जीपचा कागद हा फक्त जीपचा नसतो.

आता थोडं ह्या गाड्यांबद्दल, कारण कुठला कागद कुठल्या काळातला हे कळल्याशिवाय तो फेकायचा की ठेवायचा हे तुम्ही ठरवणार कसं. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड ह्या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून १९४१ ते १९४५ मध्ये सहा लाखांवर जिपा बनवल्या. त्यातल्या बऱ्याच आपल्याकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आल्या आणि युद्ध संपल्यावर इथेच राहिल्या, डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. आपल्या आजोबांच्या पिढीत 'डिस्पोजलची जीप' हा शब्द तिथून आला. मग महिंद्रा. कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं, भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. तर 'महिंद्रा अँड मोहम्मद' असं छापलेलं एखादं पत्र किंवा पावती तुमच्या माळ्यावर निघाली तर ती जेमतेम तीन वर्षांच्या काळातली आहे हे लगेच कळतं, आणि ती तीन वर्षं म्हणजे कुठली तीन वर्षं हे मी सांगायला नको. माझ्याकडे असा एकही कागद नाही. बावीस वर्षं शोधतोय.

चाळीसच्या दशकाच्या शेवटी विलीजचे सुटे भाग जहाजानं मुंबईत आणून जिपा जोडायला सुरुवात झाली, माझगावला कारखाना होता, आणि पुढे सीजे ३बी इथेच बनायला लागली. तीच ती उंच बॉनेटची. बॉनेट उंच का, तर तिच्यातलं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये होते, म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. अमेरिकेत ही गाडी १९६८ मध्ये बंद झाली, आपल्याकडे तिचा वंश पुढे कितीतरी वर्षं चालला. बीडीओची, म्हणजे गटविकास अधिकाऱ्याची जीप, कारखान्याची जीप, निवडणुकीतली जीप, कोल्हापूर सांगलीकडची वडाप म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप, सगळ्यांची मूळ आजी ही. आणि फौजेतून आलेली जोंगा वेगळी. ती निसान पॅट्रोलवरून घेतलेली, जबलपूरला बनायची, नावातच जबलपूर आहे, सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन, दम असेल त्यानंच पाळावी. जोंगाचे कागद सगळ्यात कमी सापडतात कारण ती बहुतेक आयुष्यभर फौजेतच राहिली, तिचं बिल सहसा कुणा घरी आलंच नाही, जे काही असतं ते लिलावाच्या पावतीपासून पुढचं. त्यामुळे जोंगाची लिलावाची पावती कुणाकडे असेल तर ती सोन्यासारखी सांभाळा.

कागदावर तारीख नसेल किंवा उंदरानं नेमकी तीच खाल्ली असेल तर मी काळ कसा ओळखतो हे सांगतो, तुम्हालाही जमेल. बिलात आणे आणि पै असतील तर ते बहुतेक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधलं, कारण १९६४ मध्ये 'नये' गळून नुसते पैसे राहिले. लॉगबुकात गॅलन आणि मैल असतील तर साधारण साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचं, पुढे लिटर किलोमीटर येतात, आणि मधली काही वर्षं गंमत असते, छापलेला रकाना मैलाचा आणि कारकुनानं शाईनं खोडून वर किलोमीटर लिहिलेलं. शिक्क्यात 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचं. पंचायत समिती असेल तर १९६२ नंतरचं, कारण त्याआधी आपल्याकडे पंचायत समित्या नव्हत्याच. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं, त्याआधी नुसतं 'मुंबई १०' असं लिहायचे, ते १० म्हणजेच आजचं ४०००१०, माझगाव. अमेरिकन कंपनीचं नाव पण सांगतं. विलीज ओव्हरलँड असेल तर १९५३ पर्यंत, विलीज मोटर्स असेल तर त्यानंतर, कैसर जीप असेल तर १९६३ नंतर. अर्थात छापील स्टेशनरी संपेपर्यंत जुनीच वापरायची पद्धत होती, कागद वाया घालवायचे दिवस नव्हते ते, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नका, दोन-तीन खुणा जुळल्या की मगच नक्की धरा.

मिस्त्रींच्या वह्यांबद्दल वेगळं सांगितलंच पाहिजे कारण त्या कुणाच्या खिजगणतीतच नाहीत. छापील मॅन्युअल आज ना उद्या कुठेतरी मिळेल, अमेरिकेत त्याच्या हजारो प्रती छापल्या होत्या, १९४४ च्या फेब्रुवारीत निघालेलं टीएम ९-८०३ हे जीपचं लष्करी मॅन्युअल आज नव्यानं छापून पण मिळतं. पण आपल्या गावातल्या मिस्त्रीनं चाळीस वर्षं जी वही लिहिली ती एकच असते. मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींची वही बघितलीय, ग्रीसच्या अंगठ्यांनी काळी झालेली, पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात १-३-४-२, म्हणजे फायरिंग ऑर्डर, सिलिंडर पेटायचा क्रम, आणि खाली गणपतीचं नाव. आत कुठल्या जीपला कुठल्या ट्रॅक्टरचा पार्ट बसतो, कुठला घासून बसवावा लागतो, कुणाच्या जीपचा गिअर सुटतो, कोणी पैसे दिले नाहीत, पेट्रोल काढून डिझेल इंजिन बसवताना माउंटिंग कुठे कापायचं त्याची पेन्सिलची चित्रं. ही विद्या कुठल्याच कंपनीनं छापलेली नाही. सुटे भाग मिळत नव्हते त्या काळात ह्या लोकांनी गाड्या चालत्या ठेवल्या आणि त्यांनी ते कसं केलं ते फक्त अशा वह्यांत आहे. ते मिस्त्री गेले तेव्हा मी गावी नव्हतो. दहाव्याला गेलो तर कळलं गॅरेजची जागा रिकामी करताना सगळं पेटवून दिलं. आमच्याकडे माणूस गेल्यावर त्याचे कपडे काढतात तसं, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. माझ्या मोबाईलमध्ये त्या वहीच्या फक्त अकरा पानांचे फोटो आहेत.

गॅरेजवाल्या पोरांनो, तुमच्या वडिलांची वही असेल तर आजच उघडा. मला देऊ नका, स्वतःकडेच ठेवा, पण तिचे फोटो काढा.

आता नाजूक विषय. आपल्या लाईनमध्ये 'कागदासकट चेसिस', म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा कागदांसकट विकायचा धंदा चालतो हे तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण. एखादी जीप सडून संपलेली असते, तिचे कागद चांगले असतात, मग ते कागद आणि तो नंबर दुसऱ्याच कुठल्या चेसिसवर चढवतात. मी स्वतः ह्यात पोळलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी युद्धातली विलीज म्हणून एक गाडी घेतली. आरसी बुकात विलीज, चेसिस नंबर जुळतोय, माणूस गोड बोलणारा. घरी आणली, रेडिएटर उतरवला आणि खाली बघितलं तर पुढचा आडवा दांडा चौकोनी घडणीचा. विलीजचा तो गोल पाईपचा असतो, चौकोनी असतो तो फोर्डचा. मग बोल्ट साफ करून बघायला लागलो तर एकेका बोल्टच्या डोक्यावर एफ अक्षर. फोर्डनं आपल्या पार्टवर, बोल्टवर सुद्धा, एफ उठवायची पद्धत ठेवली होती. फोर्डच्या जीपला इंजिनाचा नंबर तोच चेसिसच्या पट्टीवर ठोकलेला असायचा, तिथे घासलेलं आणि वर नवीन पंच मारलेला. म्हणजे मला मिळाली ती फोर्ड, कागद कुठल्या तरी मेलेल्या विलीजचे, आणि ह्या फोर्डचे खरे कागद कुठे गेले देव जाणे. निम्मे पैसे सोडून गाडी परत केली. पैशाचं दुःख कधीच संपलं. एक अस्सल युद्धातली फोर्ड जीपीडब्ल्यू, फोर्डच्या जीपचं तेच मॉडेल, आपल्या देशात इतकी वर्षं टिकलेली, तिची ओळखच कुणीतरी घासून टाकली ह्याचं दुःख अजून आहे. तिचं मूळ आरसी बुक त्या दिवशी समोर असतं तर ती वाचली असती.

म्हणून हात जोडून सांगतो, गाडी पार संपली असेल आणि भंगारात घालायची असेल तर नोंदणी रीतसर रद्द करून घाला, कागद कुणाला 'नुसते कागद' म्हणून विकू नका, दहा-वीस हजार मिळत असले तरी नको. ते घेणारा माणूस ते वाचायला घेत नसतो. आणि डॅशबोर्डवरच्या त्या पितळी किंवा जस्ताच्या प्लेटा, ज्यावर सिरियल नंबर आणि डिलिव्हरीची तारीख असते, त्या नवीन बनवून मिळतात आणि लोक हौसेनं बसवतात, बसवा, पण जुनी फाटकी वाकडी प्लेट असेल तर ती फेकू नका, ती पण एक कागदच आहे असं समजा. नवीन प्लेटवर जुना नंबर ठोकणं हे तर मला पापच वाटतं.

हे सगळं नुसत्या हौसेपुरतं राहिलेलं नाही. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करताना ५,०००. अशी गाडी रोज वापरायची नाही, धंद्याला तर नाहीच, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं इतपतच. आता त्यात मागतात काय, तर आधीची आरसी, विमा, आणि बाहेरून आणलेली गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. आणि चेसिसमध्ये, बॉडीत, इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त जिपांमध्ये पेट्रोल काढून डिझेल बसवलंय, ते परवडत नव्हतं म्हणून बसवलं, त्यात कुणाला नावं ठेवायचं कारण नाही. पण मूळ इंजिन गोठ्यात पडलेलं असेल आणि त्याचा नंबर लिहिलेलं पहिलं आरसी बुक तुमच्याकडे असेल तर गाडी परत मूळ रूपात आणायला वाट आहे. ते बुकच नसेल तर त्या इंजिनाचं आणि त्या चेसिसचं नातं तुम्ही सिद्ध करणार कशानं? आजोबांनी सांगितलं होतं म्हणून चालत नाही.

सांभाळायचं कसं ते थोडक्यात सांगतो, फार अवघड नाही. सगळ्यात पहिलं, लॅमिनेशन करू नका. करूच नका. लोकांना वाटतं आता हे कायमचं सुरक्षित झालं, पण ते प्लास्टिक गरम करून कागदात घुसवलेलं असतं, परत निघत नाही, आणि आतला कागद आतल्या आत तपकिरी होत जातो. मी माझ्या वडिलांच्या जीपचं मूळ बिल २००४ मध्ये लॅमिनेट केलं, त्यावरची जांभळी शाई आज दिसत नाही. सेलोटेप नको, ती दहा वर्षांत पिवळी होऊन डाग सोडते. टाचण्या, स्टेपलर पिना, लोखंडी क्लिपा काढून टाका, गंजतात आणि कागद खातात, त्याऐवजी जाड सुती दोऱ्यानं गठ्ठा सैल बांधा. वास येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांना शाई चिकटते, ती नकोत. माळ्यावर ठेवू नका, पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते, आणि जमिनीलगत पण नको, वाळवी तिथूनच चढते. कोकणातल्या मंडळींनी पावसाळा संपला की एकदा सगळं बाहेर काढून पंख्याखाली उलगडून ठेवावं, उन्हात नाही, सावलीत. अमोनिया प्रिंट असेल, ते निळसर जांभळट नकाशे असतात ना, ते फ्रेम करून भिंतीवर लावलं की उजेडानं दोन-चार वर्षांत कोरं होतं. भिंतीवर लावायचंच असेल तर झेरॉक्स लावा.

स्कॅन करताना दोन्ही बाजू करा. मागची बाजू कोरी वाटते पण तिथेच पेन्सिलनं हिशोब असतो, कुणाचं तरी नाव असतं, बँकेचा शिक्का असतो. साध्या लिखाणाला ३०० डीपीआय पुरतं, फोटो आणि बारीक चित्रांना ६०० करा. आणि ते कुठे टाकताना चेसिस नंबर, लोकांची नावं, पत्ते, सह्या झाका, मघाशी सांगितलेल्या धंदेवाल्यांना आयता नंबर मिळायला नको.

आता दोन शब्द आपल्या गोळा करणाऱ्या मंडळींना, म्हणजे ज्यांच्याबरोबर मी बुधवार रविवार जुन्या बाजारात आणि मुंबईला चोर बाजारात फिरतो त्यांना. तुम्ही माझे मित्र आहात म्हणून बोलतो. एका गाडीचा पूर्ण संच हाती लागल्यावर तो फोडून विकायचा, टॅक्सचं टोकन एकाला, बिल दुसऱ्याला, लॉगबुकातलं सहीचं पान तिसऱ्याला, हे मला मान्य नाही. तुम्ही म्हणता फोडल्यावर तिप्पट पैसे येतात, येतात, पण नंतर ते बिल म्हणजे नुसतं एक जुनं बिल उरतं. कॅटलॉगमधली रंगीत पानं कापून फ्रेम करून विकणाऱ्यांचं तर मला समजूच शकत नाही. पार्ट्सच्या कॅटलॉगमध्ये एक पान गेलं की त्या पानावरचे सगळे पार्ट नंबर गेले. अमेरिकन सैन्यानं प्रत्येक गाडीच्या पार्ट्सच्या यादीला एक नंबर दिलेला होता, जीपची यादी जी-५०३, आजही जगभरचे जीपवाले जी-५०३ म्हणलं की एकमेकांना ओळखतात, आणि ती ओळख टिकली कारण कुणीतरी ती यादी पूर्ण, पानासकट, क्रमानं ठेवली. आपल्या सीजे ३बीच्या भारतात छापलेल्या याद्यांचं तसं व्हायला हवं ना? अमेरिकेतली यादी आपल्या गाडीला पूर्ण लागू होत नाही, इथे भाग बदलत गेले, इथल्याच पुरवठादारांचे आले, तो बदल फक्त इथल्या याद्यांमध्ये दिसतो.

माझं म्हणणं एवढंच, मूळ कागद गाडीबरोबर राहावा. काहींना हे पटत नाही, ते म्हणतात गाडीवाला तो ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवून भिजवणार, त्यापेक्षा आपल्या कपाटात बरा. खरं आहे, भिजवतात. तरी पण मला वाटतं गाडीवाल्याला समजावून सांगावं, त्याच्यासाठी चांगलं पाकीट करून द्यावं, आपण स्कॅन ठेवावं. माझ्या कपाटातल्या चौदा संचांच्या गाड्या मी आजवर शोधून काढल्या आणि कागद त्यांना परत दिले. एका कुटुंबाला तर त्यांच्या आजोबांची सही पहिल्यांदाच बघायला मिळाली, घरात त्यांचा एकही कागद नव्हता.

फौजेच्या कागदांबद्दल एक गोष्ट. ऐंशी वर्षांपूर्वीच्या अमेरिकन मॅन्युअलवर 'रिस्ट्रिक्टेड' छापलेलं असतं, त्याला घाबरायचं कारण नाही, ते केव्हाच खुलं झालंय. पण आपल्या फौजेचा अलीकडचा, युनिटच्या हालचालीचा, गोपनीय शिक्क्याचा कागद भंगारात दिसला तर तो संग्रहात घेऊ नका, जवळच्या लष्करी कार्यालयात नेऊन द्या. आणि ट्रंकेत जीपच्या कागदांबरोबर सैनिकाचं पेन्शन बुक, सर्व्हिसचे कागद, पदकाचं पत्र निघालं तर ते त्या घराचं आहे, आपलं नाही, कितीही मोह झाला तरी. गाडीची कार डायरी, म्हणजे गाडीची फौजेतली नोंदवही, मिळाली तर ठेवा, माणसाची वही परत करा.

मी ह्या नादाला लागलो ते आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयामुळे. १९९४ मध्ये ते सुरू झालं, मी कॉलेजात होतो, सुट्टीच्या दिवशी सायकलवर जायचो आणि त्या रणगाड्यांपुढे तासन्‌तास उभा राहायचो. एकदा एक म्हातारे गृहस्थ, बहुतेक निवृत्त फौजी, एका गाडीच्या चाकाला हात लावून बाजूच्या नातवाला सांगत होते की हिचं इंजिन कधी बदललं, कुठे बंद पडली होती, कोण ड्रायव्हर होता. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो आणि माझ्याकडे पेन नव्हतं. घरी येईपर्यंत निम्मं विसरलो. दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेलो, मग पुढच्या रविवारी, ते परत दिसले नाहीत.

आता शेवटचं, आणि हे पत्र ज्याच्यासाठी खरं तर लिहिलं ते. ते हिरव्या बांधणीचं १९७२ चं लॉगबुक. त्याच्या पहिल्या पानावर निळ्या शाईनं चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लिहिलेला आहे, शेवटच्या पानावर लाल शाईनं 'लिलावात विक्री' आणि खाली तारीख, घेणाऱ्याचं नाव पाण्यानं पुसलं गेलंय. गाडी सीजे ३बी, पेट्रोल, शेवगाव पाथर्डी भागात फिरलेली. ती अजून कुठेतरी असेल असं मला वाटतं, ह्या गाड्या सहजासहजी मरत नाहीत, कुणाच्या तरी शेतात ऊस ओढत असेल, किंवा शेडमध्ये वैरणीखाली असेल, कदाचित वरून थार दिसावी असं काहीतरी केलेलं असेल. नंबर मी मुद्दाम इथे लिहीत नाही, कारण वर सांगितलेलंच. ज्यांच्याकडे आजोबा-वडिलांनी सरकारी लिलावातून घेतलेली जीप आहे, त्यांनी चेसिसच्या पट्टीवरची माती तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं घासावी, वर खडू फिरवावा म्हणजे आकडे उठतील, आणि ते मला कळवावेत. मी वहीत ताडून बघतो. जुळले तर मी स्वतः वही घेऊन येतो, एक रुपया नको, फक्त त्या जीपपाशी बसून ड्रायव्हरनं जिथे 'रस्ता संपला, पुढे चालत' असं लिहिलंय ते पान तुम्हाला वाचून दाखवायचंय.

आपला,
नगरचा एक जीपवाला